जर्मनीत बाळंतपण आणि आई येऊ शकत नाहीये, सव्वा महिना कसा निभावायचा?

सई_उल्म

नमस्कार, मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या जर्मनीत उल्मला असतो. मला सातवा संपत आलाय, नोव्हेंबरची तारीख आहे. ठरलं असं होतं की आई आधीच येणार आणि व्हिसाचे पूर्ण ९० दिवस राहणार, पण मध्येच बाबांची बायपास झाली आणि आता तिला निघता येणार नाही हे नक्की झालंय. सासूबाईंची नोकरी आहे, त्या मार्चमध्ये येतील, म्हणजे बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर. सुरुवातीचे सगळे दिवस मी आणि नवरा, दोघंच.

हेबामे, म्हणजे इथली सुईण, मिळालीये, त्या बाबतीत नशीब चांगलं, कारण इथे कितीतरी जणींना मिळतच नाही. ती एकदा घरी येऊन भेटून गेली, बाई खूप छान आहे. पण ती जे सांगते ते आणि आई रोज फोनवर जे सांगते ते, दोन्ही ऐकून माझं डोकं गरगरायला लागलंय. आई म्हणते रोज तेल लावून चांगल्या कढत पाण्याने न्हाऊ घाल, ही म्हणते आठवड्यातून एक-दोनदा पुरे आणि साबण तर नकोच. आई म्हणते टोपडं कानांच्या खाली आलं पाहिजे, ही म्हणते घरात टोपी घालायचीच नाही. आई म्हणते कुशीत घेऊन झोप, ही म्हणते बाळाची वेगळी कॉट, पाठीवर झोपवायचं, उशी नाही, पांघरूण नाही आणि खोली १६ ते १८ डिग्री. १८ डिग्रीत सव्वा महिन्याच्या आतलं बाळ! हे मी आईला अजून सांगितलेलंच नाहीये. आणि शेक-शेगडी, धुरी, बाळगुटी हे विषय हेबामेसमोर काढले नाहीयेत.

कुणाचं ऐकायचं हा प्रश्न आहेच, पण मला त्याहून जास्त काळजी याची वाटतेय की घरात एकही जाणती बाई नसताना ओल्या बाळंतिणीने हे सगळं करायचं कसं? तुम्ही कसं केलंत? शिवाय बारसं बाराव्या दिवशी आणि इथे हॉस्पिटलमध्येच नाव विचारतात म्हणे, त्याचं काय? जे आठवेल ते लिहा, मोठे प्रतिसाद चालतील.

मृण्मयी_हानोफर

सई, आधी अभिनंदन गं, आणि बाबांना लवकर बरं वाटू दे.

माझी दोन्ही बाळंतपणं इकडेच झाली. पहिल्याला आई होती, दुसऱ्याला कुणीच येऊ शकलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. घरात जाणती बाई नाही असं तू लिहिलंयस ना, ती आहे, तिचं नाव हेबामे. आपल्याकडे सुईण बाळंतपण करून जायची, पण इथली हेबामे नंतर येते हे आपल्या डोक्यात पटकन बसत नाही. सरकारी क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्यविमा, असेल तर पहिले १० दिवस ती रोज येऊ शकते आणि त्यानंतर बाळ १२ आठवड्यांचं होईपर्यंत अजून १६ वेळा, तुला एक पैसा पडत नाही. प्रायव्हेट इन्शुरन्स असेल तर आधी करार वाचून घ्या. आणि ती येते म्हणजे नुसती बाळाला बघून जात नाही, ती आधी तुला बघते. पोटावर हात ठेवून गर्भाशय किती खाली उतरलंय ते बघते, टाके बघते, दूध साकळलंय का बघते, तू जेवलीस का, झोपलीस का विचारते. मग बाळ. डोळ्यात, अंगावर काविळीची छटा आहे का, नाळ सुकतेय का, आणि वजन. माझी हेबामे एका कापडाच्या झोळीत बाळाला ठेवायची, झोळी हातातल्या काट्याला अडकवायची आणि अलगद उचलायची, बाळ त्यात मुटकुळं करून शांत लोंबत राहायचं. दूध पुरतंय का या प्रश्नावर मी रात्र-रात्र जागले असते, पण आकडा समोर दिसला की जिवाला स्वस्थता यायची.

म्हणून सांगते, तिच्यासमोर काही काढलं नाहीयेस ते काढ. सगळं. आईची पूर्ण यादी तिच्यापुढे ठेव. निम्म्याहून जास्त गोष्टींना ती हो म्हणेल. मी ओवा-बाळंतशोपाचं सांगितल्यावर माझ्या हेबामेने श्टिलटेचं, म्हणजे दूध पाजणाऱ्या आयांच्या चहाचं खोकं दाखवलं, त्यात बडीशेप, अॅनिस आणि शहाजिऱ्यासारखं क्युमेल. मेथ्याही इथे दुधासाठी सांगतात. पोट दुखत असेल तर चेरीच्या बियांची छोटी उशी मिळते, किर्शकर्नकिसन, ती जराशी गरम करून पोटावर ठेवतात. आणि बाळंतिणीने उठू नये यावर तर या बायका आपल्या आज्यांपेक्षा कडक. पहिला आठवडा गादीत, दुसरा गादीवर, तिसरा गादीच्या आसपास, असं इथे प्रत्येक हेबामे सांगते. तेव्हा आई आणि ही बाई एकमेकींच्या विरोधात आहेत असं धरून चालू नकोस.

आता एकेक. आंघोळ. इथे थंडीत हीटिंग चालू असतं, घरातली हवा कोरडी ठणठणीत, त्यात रोज कढत पाणी घातलं तर बाळाची कातडी तडकते, सांगलीच्या हवेत तसं होत नाही. पाणी ३७ डिग्री, जास्त नाही. आम्ही तेल रोज लावायचो आणि आंघोळ दोन-तीन दिवसांनी, बाकी दिवशी ओल्या फडक्याने मानेच्या, काखेच्या, मांडीच्या घड्या पुसायच्या. आईला तेल रोज लागतंय हे कळलं की तिचा अर्धा जीव भांड्यात पडतो. मालिश हलक्या हाताने, बाळ उलटं धरणं, हातपाय ओढणं, नाक चिमटीत धरून सरळ करणं हे काही नको. बाळाला पुसायच्या-बदलायच्या टेबलाच्या वर भिंतीला लावायचा हीटर मिळतो तो घ्या, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघडं बाळ दहा मिनिटं आरामात राहतं.

टोपडं. बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं, बंद घरात टोपी घालून झोपलेलं बाळ जास्त तापू शकतं आणि झोपेतल्या अचानक मृत्यूच्या कारणांमध्ये जास्त गरम होणं हे एक धरतात, म्हणून ती एवढं बजावते. बाहेर नेताना टोपी हवीच, दोन घाला. थंडी वाजतेय का हे हातापायावरून बघायचं नाही, ते गारच असतात, मानेमागे बोट घालून बघायचं, उबदार आणि कोरडं असलं की बाळ ठीक. १८ डिग्रीला घाबरू नकोस, आत लोकर-रेशमी मिश्रणाचा बॉडी, म्हणजे अंगालगतचं झबलं, आणि वर श्लाफझाक, म्हणजे बाह्यांची झोपायची पिशवी, यात बाळ मस्त ऊबेत असतं. कुशीत झोपण्याचं म्हणशील तर एक बाजू उघडी असलेली कॉट मिळते, ती आपल्या पलंगाला घट्ट जोडायची, हात लांब केला की बाळ हाताशी, आणि त्याची जागा वेगळी. आमच्याकडे दोन्ही पोरं तशीच झोपली.

शेक-शेगडी घरात जमणार नाही, झोपायच्या खोलीत स्मोक अलार्म कायद्याने लावलेलाच असतो, धुरी केलीत तर सगळी बिल्डिंग गोळा होईल. पण तुझी कंबर-पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी आहेच. टाके असतील किंवा सिझर झालं तर मात्र तिला विचारल्याशिवाय शेकू नकोस.

खाण्याचं वेगळं लिहिते, आता लेकाला घ्यायला जायचंय.

केदार_लाइप्झिश

मृण्मयीताईंनी भरपूर लिहिलंय, मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो. सई, हा प्रतिसाद मिस्टरांना वाचायला दे.

पहिलं म्हणजे एल्टर्नत्साइटचं, म्हणजे पालकांच्या रजेचं पत्र. जन्मापासून सुट्टी हवी असेल तर ते कंपनीला सात आठवडे आधी जायला लागतं, नोव्हेंबरची तारीख म्हणजे आत्ताच द्या. एल्टर्नगेल्ड, म्हणजे त्या रजेत मिळणारा सरकारी भत्ता, निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. बापाने घ्यायचं तर कमीत कमी दोन महिने घ्यावे लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या बाळांना नवा नियम आहे, आई-बाप दोघांनी एकाच वेळी बेसिक एल्टर्नगेल्ड घ्यायचं तर एकच महिना, तोही बाळाच्या पहिल्या वर्षातला. जुळी किंवा फार आधी जन्मलेली बाळं असतील तर वेगळं. माझं स्पष्ट मत, तो एक महिना जन्माच्या दिवसापासूनच घ्या, सुट्टी भारतवारीसाठी राखून ठेवू नका. आणि महिना कॅलेंडरचा नाही, बाळाच्या तारखेचा, १४ ला जन्म झाला तर १४ ते १३. सुट्टी त्याच तारखांना जुळवली नाही तर पैसे कापले जातात.

दुसरं, स्वयंपाक. बाळंतिणीचं जेवण नवऱ्याला आलंच पाहिजे. मी आईकडून व्हिडिओ कॉलवर शिकलो, मऊ भात, मुगाचं वरण, लसणाची फोडणी घातलेली शेपू, बाजरीची भाकरी काही जमली नाही तर तांदळाची उकड. ऑक्टोबरमध्ये बसून डिंकाचे, अळिवाचे लाडू करून ठेवा, फ्रीजरमध्ये वरणाचे, खिचडीचे डबे भरून ठेवा. भारतातून कुणी लाडू घेऊन येणार असेल तर लक्षात ठेवा, युरोपाबाहेरून सामानातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूप त्यातच येतं. डिंक, खारीक, अळीव आणायला सांगा आणि तूप इथलं घ्या, बुटरश्माल्त्स म्हणून मिळतं ते कढवलेलं तूपच आहे, आपल्या तुपाचा खमंगपणा हवा असेल तर बिनमिठाचं लोणी आणून घरी कढवा.

नावाचं. जन्माची नोंद स्टांडेसआम्टला, म्हणजे जन्म-लग्नाच्या नोंदणी कार्यालयाला, आठवड्याच्या आत जायला लागते, ती बहुतेक हॉस्पिटलच पाठवतं. पण नाव ठरलं नसेल तर ते कळवायला कायद्याने जन्मापासून एक महिना असतो. हॉस्पिटलमध्ये फॉर्म पुढे करतात तेव्हा शांतपणे सांगायचं की नाव आम्ही नंतर थेट स्टांडेसआम्टला कळवतो. आम्ही तसंच केलं, बाराव्या दिवशी बारसं झालं आणि मग जाऊन नाव दिलं. फक्त जन्मदाखला तितका उशिरा हातात येतो आणि त्याच्यावर किंडरगेल्ड (मुलासाठीचा सरकारी भत्ता), एल्टर्नगेल्ड, बाळाचा इन्शुरन्स सगळं अडलेलं असतं, त्यामुळे बारसं झाल्या-झाल्या पळा. तुमचे दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला, त्यांची शपथबद्ध अनुवादकाने केलेली जर्मन भाषांतरं आत्ताच तयार ठेवा. आपली नाव-वडिलांचं नाव-आडनाव ही पद्धत त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही, मधलं नाव कुठे लिहायचं ते आधीच जाऊन विचारून या, नंतर भारतीय पासपोर्टवर तेच यायला हवं. कॉन्सुलेटमधली जन्मनोंद वर्षाच्या आत करायची, आणि तुमच्या परवान्यावर अवलंबून बाळाला जो राहण्याचा परवाना लागेल त्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत.

बारशाला आम्ही चाकांचा वेताचा पाळणा मिळतो इथे, श्टुबेनवागन, तो कुणाकडून तरी वापरलेला आणला आणि झेंडूच्या माळा मिळाल्या नाहीत म्हणून शेवंतीची फुलं लावली. शेजारच्या जर्मन आजींना आणि हेबामेला बोलावलं. दोघींच्या हातात बाळ देऊन गोविंद घ्या गोपाळ घ्या म्हणायला लावलं, सोलापूरहून आत्याने फोनवरून कानात नाव सांगितलं. ज्या घरात दहा माणसंही नव्हती तिथे बारसं इतकं भरलेलं वाटेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

जुनं_ते_सोनं

सगळे चांगलं लिहित आहेत पण मला एक कळत नाही, आपल्या आज्या-पणज्यांनी बाळगुटी, धुरी, वेखंड, काजळ सगळं केलं, आपण सगळे त्यावरच वाढलो ना? तिकडच्या बाईने नाही म्हटलं की लगेच सगळं सोडायचं का? गुटी उगाळून दिली नाही तर बाळाच्या पोटाचं काय? इन्फेक्शनला धुरीइतकं चांगलं काही नाही. सई, आई सांगते ते कर, तिने तुला वाढवलंय.

पल्लवी_बालविभाग

मी इथे नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये एका हॉस्पिटलच्या बालरोग विभागात काम करते, शिक्षण मिरजेचं. वरच्या प्रतिसादातला जिव्हाळा समजतो, पण हे लिहिणं भाग आहे. आणि हे तिकडच्या बाईचं म्हणणं नाही, भारतातले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात.

पहिले सहा महिने फक्त दूध, आईचं किंवा ते जमत नसेल तर पावडरचं. गुटी नाही, पाणी नाही, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही, चाटवायला बोटभर सुद्धा नाही. मधात बॉट्युलिझमचे जीवाणू असू शकतात, मोठ्या माणसाचं आतडं ते पचवतं, तान्ह्याचं नाही, त्यातून बाळ लुळं पडतं आणि श्वास बंद पडू शकतो. काजळात शिसं असू शकतं. डोळ्यात नको, घरच्यांना तीट हवीच असेल तर तळपायाला लावा, तिथून डोळ्यात-तोंडात जात नाही. धुराचं कुठलंही रूप तान्ह्या फुप्फुसांना वाईट.

गुंडाळणं. बाळाला दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही पण पाय सरळ करून आवळून बांधू नका, खुब्याचा सांधा नीट बसत नाही. इथे चौथ्या-पाचव्या आठवड्यात यू-ड्राय नावाची तपासणी असते त्यात खुब्यांची सोनोग्राफी याच कारणासाठी करतात. कडेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून घेणं किंवा झोळीसारख्या ट्रागेटूखमध्ये बेडकासारखे पाय ठेवून छातीशी बांधणं सांध्यांसाठी उत्तम. बाळ रडलं की उचलायचं, सवय-बिवय लागत नाही, हे इथले डॉक्टरही सांगतील.

आता एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही. आपल्या बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात, अगदी मुका मार लागल्यासारखे दिसतात. त्यांना मंगोलियन स्पॉट म्हणतात, काही धोका नसतो, काही वर्षांत आपोआप जातात. पण गोऱ्या बाळांमध्ये ते फार कमी दिसतात, त्यामुळे एखाद्या नवख्या माणसाला वाटू शकतं की बाळाला मारलंय. पहिल्या तपासणीतच डॉक्टरला सांगून ते पिवळ्या वहीत, गेल्बेस हेफ्टमध्ये, कुठे आणि किती मोठे आहेत ते लिहून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढे पाळणाघरात वगैरे फार उपयोगी पडतं.

बाकी थोडक्यात. विटामिन के तोंडावाटे तीन वेळा, पहिल्या तीन तपासण्यांना. विटामिन डी रोज, नोव्हेंबरचं बाळ, ऊन नाहीच, ते चुकवू नका. लशींचं वेळापत्रक भारतापेक्षा वेगळं आहे, इथे बीसीजी १९९८ पासून सरसकट देत नाहीत, त्यामुळे दंडावर व्रण का नाही म्हणून आजी विचारतील. पहिल्या वर्षात भारतात जाणार असाल तर किंडरआर्त्स्टला, म्हणजे बाळाच्या डॉक्टरला, दोन महिने आधी सांगा, गोवरची लस इथे ११ महिन्यांना देतात पण प्रवासासाठी ९ महिन्यांनंतर देता येते. किंडरआर्त्स्ट आत्ताच शोधा, बाळ झाल्यावर शोधायला गेलात तर नवीन पेशंट घेत नाही असं ऐकायला मिळतं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा वर ताप म्हणजे वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल.

निर्मला_आजी_नाशिक

सई बाळा, मी आईच्या बाजूने लिहिते, कारण मी माझ्या लेकीच्या बाळंतपणाला फ्रँकफर्टजवळ जाऊन आलेय आणि दुसऱ्या लेकीच्या वेळी गुडघ्यांमुळे जाता आलं नाही.

लांब बसलेल्या आईला एकच गोष्ट करता येते, सांगणं. हाताने काही करता येत नाही म्हणून ती जास्त सांगते, तू त्याचा त्रास करून घेऊ नकोस. तिला काम दे. लोकरीचं स्वेटर-टोपडं तिला विणू दे, बाहेर नेताना लागतंच ना, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवून पाठवू दे, बाळंतविडा पार्सलने येऊ दे. बाळाला तेल लावायची वेळ ठरव आणि तेव्हाच तिला व्हिडिओ लाव. थंडीत तिकडे सकाळचे आठ वाजले की इकडे साडेबारा होतात, कामं आवरलेली असतात, बाबांनाही गादीवरून नातवंड दिसेल. मी दुसऱ्या लेकीच्या वेळी रोज असंच बघायचे, आता डावा पाय घे, आता पोटावर गोल हात फिरव. मला माझ्या हाताने केल्यासारखं वाटायचं.

आणि खोलीचं तापमान, आंघोळ, वेगळी कॉट हे आईपासून लपवू नकोस. लपवलंस तर एक दिवस कॅमेऱ्यात दिसेल आणि ती रात्रभर झोपणार नाही. त्यापेक्षा हेबामे घरी असताना फोन लाव. माझ्या लेकीने लावला होता. भाषा कळत नव्हती, लेक मध्ये सांगत होती, पण त्या बाईने बाळाच्या मानेखाली जो हात घातला तो बघितला आणि मला कळलं की ही शेकडो बाळं हाताळलेली बाई आहे. तिने मला विचारलं सुद्धा, तुमच्याकडे बाळंतिणीला काय खायला देता. त्या दिवसानंतर मी लेकीला म्हणाले, ती सांगेल तसं कर.

पाचवीला पाटी-पेन्सिल ठेवून सटवाईची पूजा करायची असेल तर घरातल्या घरात होते, धूर नको, निरांजनही नको, हळदकुंकू आणि दोन फुलं पुरतात. बाबांची काळजी घ्यायला आई तिथेच राहिली हे तू मनाला लावून घेऊ नकोस गं.

सई_उल्म

सगळ्यांचे खूप खूप आभार, नवऱ्याने आणि मी रात्री बसून सगळं वाचलं. निर्मला आजी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली हेबामे कधी येणार आहे ते सांग. पुढच्या भेटीत फोन लावणार आहे. एल्टर्नत्साइटचं पत्र आजच दिलं.

मृण्मयीताई, खाण्याचं लिहिणार होतीस ते राहिलंय. आणि दोन गोष्टी अजून. एक, बाळ झाल्यावर युगेंडआम्टची, म्हणजे बालकल्याण खात्याची माणसं घरी येतात असं इथल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं, बातम्यांमधल्या मुलं काढून घेतल्याच्या केसेस वाचून मला भीतीच बसलीये, आपल्या काही पद्धती बघून त्यांना वेगळंच वाटलं तर? दुसरं, दिवसभर नवरा-बाळ आणि मी, बाहेर अंधार चारलाच, बोलायला कुणी नाही, याची आत्तापासून धास्ती वाटतेय.

मृण्मयी_हानोफर

हो गं, राहिलंच. शेपू म्हणजे इथलं डिल, कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं, फक्त जुड्या एवढ्याशा असतात, भाजीला पाच-सहा लागतील, त्यापेक्षा तुर्की दुकानात मोठी जुडी मिळते. अळीव म्हणजे क्रेसेचं बी, तेच झाड, पण बागेत पेरायचं पाकीट आणू नकोस, त्याला औषध लावलेलं असू शकतं. जैविक दुकानात मोड आणून खायचं म्हणून जे बी मिळतं ते घे, खीर तश्शीच होते. खोबरं, खसखस, बदाम, गूळ सगळं मिळतं. डिंक मात्र भारतीय दुकानातून नाहीतर घरून.

युगेंडआम्टचं. बऱ्याच शहरांमध्ये बाळ झालं की पत्र येतं की आम्ही स्वागताला येऊ का, कुणीतरी येऊन पाळणाघरं, आई-बाळांचे गट यांची माहिती देऊन जातं, बरोबर छोटी भेट असते. ती भेट ऐच्छिक असते, नको म्हणता येतं, आम्ही दोन्ही वेळा हो म्हटलं आणि दुसऱ्या वेळी आलेल्या बाईंमुळेच मला पाळणाघराची खरी माहिती मिळाली. बातम्यांमधल्या केसेस वाचून माझाही जीव कळवळतो, त्या आई-बापांचं दुःख मोठंच आहे, पण त्या भीतीपायी डॉक्टरकडे जाणं टाळू नकोस. बाळ पडलं, काही लागलं, लगेच जायचं, कसं झालं ते स्पष्ट सांगायचं, भाषेची अडचण वाटली तर दुभाष्या मागायचा, आणि सगळ्या तपासण्या वेळेवर करून पिवळी वही नीट भरलेली ठेवायची. पल्लवीने डागांचं लिहिलंय ते पहिल्याच तपासणीत कर.

ओवी_ड्रेस्डेन

एकटेपणाचं मी लिहिते, कारण मी त्यातून गेलेय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा रडू येतं, उगाच, भांडं पडलं तरी. ते बहुतेकींना होतं आणि काही दिवसांत ओसरतं. पण दोन आठवडे उलटून गेले तरी काळोखच वाटत असेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, झोप मिळत असूनही लागत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, त्यावर उपचार आहेत आणि त्याचा तू चांगली आई असण्या-नसण्याशी काही संबंध नाही. हेबामेला पहिल्यांदा सांग. शाटन उंड लिख्ट नावाची संस्था फक्त याच विषयावर काम करते, जर्मनीभर त्यांचे मदतगट आहेत. माझ्या नवऱ्याने आधीच हेबामेकडून समजून घेतलं होतं की कशाकडे लक्ष ठेवायचं, तुझ्या मिस्टरांनाही सांगून ठेव, कारण ते आपलं आपल्याला दिसत नाही.

आणि वेलकम म्हणून उपक्रम आहे, हॅम्बर्गला २००२ साली सुरू झाला, आता बऱ्याच शहरांत आहे. बाळाच्या पहिल्या वर्षात एक स्वयंसेवक बाई आठवड्यातून एक-दोनदा येऊन थोडा वेळ बाळाला सांभाळते, तू झोपायचं, नाहीतर तिच्याशी गप्पा मारायच्या. माझ्याकडे निवृत्त शिक्षिका यायच्या, अजूनही लेकीच्या वाढदिवसाला केक घेऊन येतात. उल्मच्या जवळपास आहे का ते आत्ताच फोन करून विचार. तब्येतीमुळे तुला काही करता येत नसेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर क्रांकेनकासे घरकामाला मदतनीसही देते, अर्ज आधी करायला लागतो.

बाकी रोज बाहेर पड. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हेबामे सांगेल तेव्हा, बाळाला नीट गुंडाळून गाडीत घालून, दुपारी उजेड असेल तेवढा अर्धा तास. इथे बर्फातसुद्धा बायका बाळांना घेऊन फिरतात ते बघून आपल्याला कसंतरी होतं, पण तो अर्धा तास बाळापेक्षा आपल्यासाठी असतो. आठ आठवड्यांनंतर रुकबिल्डुंगचा वर्ग लाव, ओटीपोटाचे व्यायाम असतात, तेही क्रांकेनकासे देते, आणि तिथे तुझ्याच तारखांच्या पाच-सहा आया भेटतात. माझ्या इथल्या सगळ्या मैत्रिणी त्याच वर्गातल्या आहेत.

केदार_लाइप्झिश

सई, आमचा श्टुबेनवागन माळ्यावर पडून आहे, पुढच्या महिन्यात मी कामासाठी श्टुटगार्टला गाडीने येतोय. हवा असेल तर निरोप टाक, उल्मला आणून देतो.